कमी वजन : वैद्यकीय नोंद व कोडिंग

रुग्णाचे वजन उंचीच्या मानाने कमी असल्याचे केसपेपरवर कसे लिहावे आणि त्या लिखाणाला आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला (आयसीडी) कोणता कोड द्यावा, याची रीत. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. प्रौढांत तो १८.५ पेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटना वजन कमी मानते. १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कृशता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया १८.५ च्या खाली होत्या. गुजरातेत हे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चारांत एक. वडोदऱ्याच्या ओपीडीत बारीक बाई पाहून कोणी थबकत नाही, आणि नोंदीची गडबड तिथूनच सुरू होते.

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातून आलेल्या एखाद्या आजींचे उदाहरण घेऊ. उंची १५२ सेंमी, वजन ३९ किलो, बीएमआय १६.९. सोबतची सून सांगते, "डॉक्टरसाहेब, दिवाळीला पंचेचाळीस भरल्या होत्या. आता पार खंगल्यात, बांगड्या कोपरापर्यंत जातात." सहा महिन्यांत सहा किलो, म्हणजे मूळ वजनाच्या १३ टक्के घट. इतकी माहिती हाती असून कागदावर उतरते ते एवढेच : 'थिन बिल्ट, जनरल कंडिशन फेअर'. या ओळीला कोडच नाही. बीएमआयचा आकडा नर्सने किंवा आहारतज्ज्ञाने लिहिलेला चालतो, पण कमी वजन, कुपोषण की आजाराने आलेली क्षीणता, हे निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच लिहावे लागते. डॉक्टरने लिहिले नसेल तर कोडरला (नोंदी वाचून त्यांना कोड देणाऱ्याला) आकडा समोर दिसत असूनही निदान गृहीत धरता येत नाही. अमेरिकन कोडिंगच्या मार्गदर्शक सूचनांत हा नियम स्पष्ट आहे, आणि तो योग्यच आहे. १८ बीएमआयची धडधाकट धावपटू आणि १८ बीएमआयचा क्षयरोगी यांत फरक करणे हे कारकुनाचे काम नव्हे.

अशा वेळी कोडर डॉक्टरला लेखी विचारणा पाठवतो. 'रुग्ण कुपोषित आहे असे लिहाल का?' असे विचारणे निषिद्ध. उंची, वजन, घट, खाण्याचे प्रमाण समोर मांडून त्यांचा वैद्यकीय अर्थ काय, एवढेच विचारायचे.

भारतात बसून अमेरिकन रुग्णालयांचे कोडिंग करणाऱ्यांना 'आयसीडी-१०-सीएम' ही अमेरिकी आवृत्ती वापरावी लागते. ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. तिच्यात आर६३.६ म्हणजे कमी वजन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये मात्र त्याच आर६३.६ चा अर्थ स्वतःकडे दुर्लक्ष झाल्याने अन्नपाणी कमी पडणे असा आहे. एक नोकरी सोडून दुसरी धरणाऱ्याने हे आधी पाहून घ्यावे. अमेरिकी आवृत्तीत आर६३.६ सोबत बीएमआयचा झेड६८.१ जोडतात, पण त्याची मर्यादा १९.९ पर्यंत आहे. म्हणजे १९.२ बीएमआयची व्यक्ती त्या गटात बसते, तरी १८.५ च्या मापाने तिचे वजन कमी नसते. संबंधित निदान लिहिलेले नसेल तर झेड६८.१ एकटा लावायचा नाही. कुपोषणाचे कोड (ई४० ते ई४६) लागू झाले की आर६३.६ गळतो, दोन्ही एकत्र देत नाहीत.

ई४३, म्हणजे तीव्र कुपोषण, हा कोड तिथे रुग्णालयाला विम्याकडून मिळणारी रक्कम वाढवतो. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जुलै २०२० च्या अहवालात तीव्र कुपोषणाचे २०० दावे तपासले. त्यांतले १७३ चुकीचे निघाले आणि जादा वसुलीचा अंदाज १ अब्ज डॉलरवर गेला. तेव्हापासून निकषांचा पुरावा कागदावर मागतात : खाणे किती घटले, वजन किती काळात उतरले, स्नायू व त्वचेखालची चरबी किती झडली, सूज आहे का, मुठीची पकड कशी आहे. २०१२ साली अमेरिकन आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी सुचवलेल्या सहा लक्षणांपैकी किमान दोन असावी लागतात. वरच्या आजींच्या बाबतीत वजनातली घट हे एक लक्षण झाले. दुसरे तपासून लिहिले नाही तर निदान टिकत नाही.

मोजमापातच चूक असेल तर पुढचे सगळे व्यर्थ. जलोदर किंवा पायांवर सूज असलेल्याचे वजन काट्यावर भरपूर दिसते. पाठीला बाक आलेल्या वृद्धाची उंची उभ्याने कमी भरते आणि बीएमआय फुगतो. म्हणून गुडघ्यापर्यंतची उंची किंवा हातांचा पसारा मोजून उंची काढतात. 'रुग्णाने सांगितलेले वजन' तसे लिहून ठेवावे, मोजलेले म्हणून खपवू नये.

भारतात कमी वजनाची नोंद सर्वांत काटेकोरपणे लागते ती क्षयरोगात. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, आणि १८.५ पेक्षा कमी बीएमआय असलेल्यांना पहिले दोन महिने जादा पोषक आहार देण्याचे ठरले. औषधही वजनाच्या पट्ट्यांवर ठरते : प्रौढांना २५ ते ३४ किलोला रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन. त्यामुळे 'अंदाजे ३५' ही नोंद तिथे चालत नाही.