माहिती अधिकारातील अपवाद

भारतात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाकडील माहिती नागरिकाला मिळणे हा नियम आहे आणि नकार हा अपवाद. म्हणूनच जन माहिती अधिकाऱ्याने नकाराची कारणे लेखी कळवावी लागतात आणि तो नकार समर्थनीय होता हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारीही, कलम १९(५) नुसार, त्याच्यावरच असते.

कलम ८(१) मध्ये अपवादांचे दहा खंड आहेत. देशाची सुरक्षा व परराष्ट्र संबंध, न्यायालयाची मनाई, विधिमंडळाचा विशेषाधिकार, व्यापारी गुपिते, विश्वासाश्रित संबंधातून (म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी विश्वासाने सोपवल्यामुळे) मिळालेली माहिती, कोणाच्या जिवाला असलेला धोका ही त्यांतील प्रमुख कारणे होत. मंत्रिमंडळाची कागदपत्रेही त्यांत येतात. मात्र निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर तो निर्णय व त्याची कारणे उघड करावी लागतात.

कार्यालये ज्या खंडांचा आधार सढळपणे घेतात, त्यांना न्यायालयांनी मर्यादा घातल्या आहेत आणि ते आवश्यकच होते. ‘तपास चालू आहे’ एवढे कारण पुरेसे नसून माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. परीक्षार्थीची तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षा मंडळाकडे विश्वासाश्रित नात्याने नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले. रिझर्व्ह बँकेचे इतर बँकांशी तसे नाते नाही, हा निर्णय २०१५ चा.

अभिलेखाचा काही भागच अपवादात मोडत असेल, तर तो वगळून उरलेला भाग कलम १० नुसार देता येतो. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. कलम २४ मुळे गुप्तवार्ता व सुरक्षा संघटना अधिनियमाच्या बाहेर राहतात, परंतु भ्रष्टाचार व मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधीची माहिती त्यांनाही सरसकट नाकारता येत नाही.

सर्वांत वादग्रस्त आहे तो वैयक्तिक माहितीचा खंड (ञ). मूळ तरतुदीनुसार, सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक जनहित असल्यास तीही देता येई. जी माहिती संसदेला वा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये, असे परंतुकही (तरतुदीला मर्यादा घालणारे जोडवाक्य) त्यात होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने, जे नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आले, या साऱ्या अटी व परंतुक वगळून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच निकष ठेवला. हा बदल गंभीर आहे, कारण लाभार्थ्यांच्या याद्यांपासून अधिकाऱ्यांवरील कारवाईपर्यंत पुष्कळ अभिलेखांत कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. जनहित संभाव्य हानीपेक्षा मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून आहे. परंतु तेथे माहिती ‘देता येईल’ अशी शब्दरचना असल्याने तो तोल प्रथम प्राधिकरणच पाहते.