गरगर फिरून चौकोन कापणारा ड्रिल

गोव्यातल्या मांडवी किंवा झुआरी नदीत उभ्या असलेल्या बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, कधी चढायला मिळालं तर व्हॉल्व्हची चाकं बघा. चाकाच्या मधोमध बहुधा चौकोनी भोक असतं आणि त्यात बसणारा दांडाही चौकोनी असतो. गोल भोकात गोल दांडा असेल तर जोर लावताच चाक नुसतं घसरून फिरेल. चौकोनी दांड्याला मात्र चाकाबरोबर वळण्यावाचून गत्यंतर नाही. घराच्या दाराचं हँडल उघडून पाहिलंत तर आतली सळई याच कारणासाठी चौकोनी दिसेल.

आता ड्रिलचा फिरणारा बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं, गोलच भोक पाडणार, हे शाळकरी पोरही सांगेल. पण चौकोन कापणारा फिरता कटर खरोखर आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

एक समभुज त्रिकोण काढा. कंपासचं टोक एका कोपऱ्यावर ठेवून उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडणारा कंस मारा. तिन्ही कोपऱ्यांवरून असं केलं की फुगीर बाजूंचा त्रिकोण तयार होतो. जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो (१८२९-१९०५) याच्या नावाने तो ओळखला जातो. याची गंमत अशी की दोन समांतर पट्ट्यांमध्ये धरून तो कसाही फिरवा, पट्ट्यांमधलं अंतर तसूभरही बदलत नाही. वर्तुळाचा हा गुण आपल्याला माहीत असतो, पण तो एकट्या वर्तुळाचा नाही. इंग्लंडला नातेवाईक असलेली घरं गोव्यात कमी नाहीत. अशा घरातल्या कपाटात ५० पेन्सचं सात बाजूंचं नाणं सापडलं तर पट्टीने मोजून पाहा. १९६९ पासून चालणारं हे नाणंही सगळीकडून सारख्याच रुंदीचं आहे, म्हणून नाणी घेणाऱ्या यंत्राला ते कसंही पडलं तरी ओळखता येतं.

पट्ट्यांच्या दोन जोड्या काटकोनात ठेवल्या की चौरस झाला. त्या चौरसात रूलो त्रिकोण फिरवला तर तो चारही बाजूंना सतत टेकलेला राहतो आणि त्याची टोकं बाजूंवरून सरकत जवळजवळ कोपऱ्यापर्यंत पोचतात. पेनसिल्वेनियात राहणाऱ्या हॅरी जेम्स वॉट्स या इंग्रज अभियंत्याने १९१४ मध्ये यावर ड्रिल बेतला आणि १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळाली.

या ड्रिलचे व्हिडिओ पाहणारे कटरच्या आकारावर खूश होतात. मला विचाराल तर खरी करामत चकमध्ये, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या भागात, आहे. साधा बिट आपल्या मध्याभोवती फिरतो. या त्रिकोणाचा मध्य मात्र एका जागी राहतच नाही. १० मिलिमीटरच्या चौकोनात तो चौकोनाच्या मध्यापासून सुमारे पाऊण मिलिमीटर लांब राहून घिरट्या घालतो. त्रिकोणाची एक फेरी पुरी होते तोवर त्याच्या मध्याच्या उलट दिशेने तीन फेऱ्या होतात. ही वाटही वर्तुळ नसते, लंबवर्तुळाच्या चार तुकड्यांची असते. नेहमीच्या चकमध्ये हा कटर घट्ट आवळला तर गोल भोकच पडेल. म्हणून वॉट्सला कटर आडवा सरकू देणारा तरंगता चक करावा लागला, आणि जॉबवर, म्हणजे ज्यात भोक पाडायचं त्या तुकड्यावर, चौकोनी भोकाची जाड पट्टी बसवावी लागली. कटरने भरकटायचं कुठवर, हे ती पट्टी ठरवते. थोडक्यात, चौकोनी भोक पाडायला आधी एक चौकोनी भोक लागतं!

एवढं करूनही चौकोनाचा ९८.७७ टक्के भागच कापला जातो. १० मिलिमीटरच्या भोकात चारही कोपरे मिळून जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर धातू उरतो, म्हणजे कोपरे किंचित गोल राहतात. याला दोष म्हणायला मी सहज तयार होणार नाही. धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लिबर्टी’ नावाच्या अमेरिकी मालवाहू जहाजांपैकी कित्येकांच्या डेकला तडे गेले. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं होतं, पण तड्यांना सुरुवात व्हायला हॅचचे, म्हणजे डेकवरून माल आत उतरवायच्या दाराचे, चौकोनी कोपरे कारणीभूत ठरले. पुढे हे कोपरे गोलाईने करू लागले.

वर्कशॉपात तरीही वॉट्सचा ड्रिल क्वचितच दिसतो. एकसारखे पुष्कळ नग असतील तर ब्रोच बरा: लांब हत्यार, त्यावर दातांच्या रांगा, प्रत्येक दात आधीच्यापेक्षा किंचित मोठा. गोल भोकातून ते एकदा ओढलं की चौकोन तयार. लेथवर फिरता ब्रोच चालतो. तो साधारण १ अंश कललेला असतो, त्यामुळे त्याच्या कडा एकेक करून आत शिरतात. कडक केलेल्या पोलादाला वायरकट, म्हणजे पाव मिलिमीटरच्या तारेतून उडणाऱ्या ठिणग्यांनी कापणं. आणि बार्जच्या दुरुस्तीला एकच चाक हवं असेल तर गोल भोक पाडून कोपरे कानशीने काढतात. आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या कुणालाही विचारा, चौकोनात चौकोन बसवायचा तो जॉब त्याने घाम गाळून केलेला असतो. एका नगासाठी तरंगता चक मागवायला कोण बसलंय?