थंबनेलवरचा लाल गोल

माझा भाचा सोलापुरात यूट्यूबवर लोकल बातम्यांचा चॅनल चालवतो. ऑफिस वगैरे काही नाही, एक बाईक, एक फोन, चॅनलच्या नावाचा ठोकळा अडकवलेला माइक आणि सात रस्त्याच्या टपरीवर चहा पीत पीत केलेलं एडिटिंग. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक लाईव्ह दाखवतो, उन्हाळ्यात पाणी किती दिवसाआड येतंय यावर बायकांचे बाईट घेतो, यंत्रमागवाल्यांचं आंदोलन असलं की हा पहिला हजर. पोरगं कामाचं आहे. पण मागच्या मे महिन्यात रात्री अकराला त्याचा मेसेज आला, "मामा हे बघा, पाच तासात चाळीस हजार व्ह्यूज", आणि खाली लिंक.

लिंक उघडायच्या आधीच पोटात गोळा आला. थंबनेलवर आत्महत्येने गेलेल्या एका पोराचा फोटो, बहुतेक कॉलेजच्या आयकार्डावरून उचललेला, त्याच्याभोवती लाल गोल, पिवळा बाण, बाजूला आईचा रडतानाचा चेहरा आणि वर ठळक अक्षरात 'कारण ऐकून हादरून जाल'. आत पहिल्याच मिनिटात कुठली खोली, कसं, कशानं, सगळं सांगून मोकळा, मग शेजारी म्हणतोय की मोबाईलवरून आई रागावली एवढंच झालं बघा, आणि मागे सॅड म्युझिक. (कसं आणि कशानं ते मी इथं लिहिणार नाही, का ते पुढं येईलच.)

दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं, म्हटलं काय करून ठेवलास बे हे? तर म्हणतो, "खोटं काय दाखवलं त्यात? आणि लपवून काय होतंय मामा, तुम्हीच तर म्हणता की मनाच्या आजारावर बोललं पाहिजे." मी ज्युनिअर कॉलेजला सायकॉलॉजी शिकवतो, त्यामुळे माझंच वाक्य माझ्याच अंगावर आलं. त्याचं अर्धं बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

आधी ते बरोबर असलेलं अर्धं बघू. आपल्याकडं पक्की समजूत आहे की आत्महत्येचा विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात शिरतो, म्हणून नकोच तो विषय. हे तपासून झालंय. २०१४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर एखाद्याला "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तसे विचार वाढल्याचं दिसलं नाही, उलट विचारल्याने फायदाच होत असावा अशी चिन्हं होती. गप्प बसून आपलं भलं होतंय म्हणावं तर तसंही नाही. एनसीआरबी म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ लोकांनी असा जीव गमावला आणि त्यात सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निघालं की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजार कुठला त्यावर अवलंबून, ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. म्हणजे बोलायला तर पाहिजेच.

मग चुकलं कुठं? सांगण्यात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिएन्नाचं आहे, आणि त्यात जागा सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, पण गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे म्हणून सांगतो. तिथं १९७८ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षं स्टेशनांवर अशा घटना कमी होत्या, १९८४ नंतर एकदम वाढल्या, आणि पेपरवाले प्रत्येक घटना मोठ्या मथळ्यात, रंगवून रंगवून छापत होते. १९८७ मध्ये तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक संघटनेने पत्रकारांसमोर काही नियम ठेवले, पहिल्या पानावर नको, पद्धत नको, भडक मथळा नको, आणि पेपरवाल्यांनी ते चक्क ऐकलं. सहा महिन्यांत त्या रेल्वेतल्या आत्महत्या आणि प्रयत्न मिळून ८० टक्क्यांच्या आसपास घटले. रेल्वे तीच होती, शहर तेच होतं आणि माणसंही तीच, बदलली होती फक्त बातमी.

त्याच्या आधी १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरच्या वीसेक वर्षांच्या बातम्या आणि मृत्यूंचे आकडे समोरासमोर ठेवले होते, तेव्हाही दिसलं की अशी बातमी झळकली की पाठोपाठ आकडा वर जातो. आणि २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून हिशोब आला: प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर एकूण आत्महत्या सरासरी १३ टक्क्यांनी वाढतात, आणि बातमीत पद्धत सांगितली असेल तर त्याच पद्धतीने होणारे मृत्यू ३० टक्क्यांनी. कंसात 'लिहिणार नाही' म्हणालो ते यासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये एका हिंदी नटाच्या मृत्यूनंतर काय चाललं होतं ते आठवत असेलच, मृतदेहाचे फोटो व्हॉट्सॲपवर इतके फिरले की ते फिरवू नका असं महाराष्ट्र सायबरला, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांना, जाहीर सांगावं लागलं.

असं का होतं? सगळ्यांना होत नाही. चाळीस हजारांतले बहुतेक लोक हळहळतात, स्क्रोल करतात, जेवायला बसतात. पण त्यात एखादा असतो जो आधीच काठावर उभा आहे, त्याच वयाचा, तसल्याच घरातला, परवाच बापाचं बोलणं खाल्लेला. त्या अवस्थेत डोकं बोगद्यासारखं झालेलं असतं, आजूबाजूचे रस्ते दिसत नाहीत, आणि तेवढ्यात व्हिडिओ त्याला सांगतो की तुझ्यासारख्याच एकाने 'हा' रस्ता घेतला, असा असा घेतला, आणि आता बघ सगळा गाव त्याच्यासाठी रडतोय. बोगद्यात तेवढाच एक दिवा लागतो.

आणि ही अवस्था टिकत नाही हेच तर महत्त्वाचं. अमेरिकेतल्या एका पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ५१५ जणांना ऐनवेळी अडवलं गेलं होतं, पुढं अनेक वर्षांनी शोध घेतला तर त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक कारणाने गेले होते. ती वेळ टळली की माणूस जगतो. मग त्या नेमक्या वेळेत त्याच्या हातातल्या फोनवर काय येतं हा प्रश्न साधा राहत नाही.

इथं पेपर आणि यूट्यूबमध्ये फरक पडतो. पेपरची दुसऱ्या दिवशी रद्दी होते, त्यावर कोणीतरी भजी खातं. व्हिडिओ परत येतो. यूट्यूबने २०१२ मध्ये ठरवलं की नुसते व्ह्यूज नाही तर माणूस किती वेळ बघत बसतो ते मोजायचं. पुढं त्यात बाकीच्या गोष्टीही आल्या, पण मुद्दा राहिलाच की यंत्राला तुम्ही बघत बसलात एवढं कळतं, का बसलात ते कळत नाही. तल्लीन होऊन भक्तिगीत ऐकणारी आजी आणि रात्री दोनला अंधारात एकामागून एक तसलेच व्हिडिओ बघणारं पोरगं, दोघंही त्याच्या लेखी 'चांगले प्रेक्षक'. ब्रिटनमध्ये मॉली रसेल नावाची १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली, आणि २०२२ मध्ये तिथल्या मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने नोंदवलं की नैराश्याच्या जोडीला तिने ऑनलाईन बघितलेल्या मजकुराचा वाईट परिणाम हेही तिच्या मृत्यूमागे होतं.

व्हिडिओ बघून माणूस किती उचलतो याचं एक वेगळं, थोडं विचित्र उदाहरण सांगतो. जर्मनीत २०१९ मध्ये टुरेट सिंड्रोम असलेल्या एका तरुणाने यूट्यूब चॅनल सुरू केला. टुरेट म्हणजे मेंदूचा असा आजार की त्यात अंगाला अचानक झटके येतात, तोंडातून आवाज निघतात, काहींच्या तोंडून मनात नसताना शब्द. चॅनल तुफान चालला. थोड्याच दिवसांत डॉक्टरांकडं अशी तरुण मुलंमुली यायला लागली ज्यांना टुरेट नव्हतं पण झटके आणि शब्द होते, आणि शब्द कुठले, तर हुबेहूब त्या चॅनलवरचे, 'फ्रेंच फ्राईज', 'उडणारे शार्क'. ही मुलं नाटक करत नव्हती हं, त्रास खरा होता, त्याचा साचा फक्त स्क्रीनवरून आला होता. त्या यूट्यूबरचा वाईट हेतू अजिबात नव्हता, उलट आजाराबद्दलची लाज जावी म्हणूनच हे सगळं. हेतू चांगला असून भागत नाही, असं मी भाच्याला म्हणालो तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

मग म्हणाला, "पण मी बीप टाकलाय की." खरंच टाकला होता. 'आत्म' नंतर टूंऽऽ. पिवळा डॉलर यायला नको म्हणजे जाहिरातीचे पैसे बंद व्हायला नकोत म्हणून सगळे हेच करतात, कोणी मधे स्टार टाकतं, पोरं तर 'अनअलाइव' म्हणतात. पण शब्द झाकून गोष्ट तशीच ठेवली तर वाचवलं कोणाला? फक्त डॉलरला. उलट खरा शब्द सर्च केला की यूट्यूब वरती हेल्पलाइनचा नंबर दाखवतं, कोड शब्दाच्या मागे फिरणाऱ्यापर्यंत तो नंबर पोचणं अवघड. सुरुवातीला 'संवेदनशील प्रेक्षकांनी पाहू नये' अशी पाटी लावायची पण फॅशन आहे, तिच्यावरही बरेच प्रयोग झालेत आणि निष्कर्ष असा की पाटीने त्रास कमी होत नाही, आधीची धाकधूक तेवढी वाढते, आणि बघायचं ते लोक बघतातच.

खरी गडबड आपल्या भाषेत आहे असं मला वाटायला लागलंय. 'आत्महत्या' यातच हत्या आहे, म्हणजे ज्याचं गेलं तोच आरोपी. तो शब्द आता बदलणं कठीण, पण त्याला टाळायला आपण जे वापरतो ते तर त्याहून वाईट. 'मृत्यूला कवटाळले', जसं काही आई भेटली. 'जीवनयात्रा संपवली', जसं काही पंढरपूर करून आले. 'अयशस्वी प्रयत्न', म्हणजे वाचला तो नापास? आणि आपलं लाडकं 'क्षुल्लक कारणावरून'. क्षुल्लक कारणावरून कोणी जात नाही हो. आई मोबाईलवरून बोलली ही शेवटची काडी असेल, खाली नैराश्य, कर्ज, दारू, मारहाण, कशाकशाची गंजी असते, आणि 'मोबाईलमुळे' म्हणून टाकलं की ती आई जन्मभर स्वतःला दोष देत बसते, ऐकणाऱ्या दहा पोरांना वाटतं असं झालं की असं करायचं असतं. 'जीव गेला', 'आत्महत्येने मृत्यू', 'प्रयत्नातून वाचला', एवढं साधं म्हणता येतं की.

अशी बातमी कशी द्यावी याचे नियम जागतिक आरोग्य संघटना २००० पासून सांगतेय, २०१९ मध्ये आपल्या प्रेस कौन्सिलनेही ते स्वीकारले, पण प्रेस कौन्सिल छापील पेपरांची, भाच्यासारख्यांना विचारतं कोण. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मात्र सगळ्यांना आहे, उपचार चालू असलेल्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. एसटी स्टँडवर बडबडणाऱ्या माणसाचं 'मनोरुग्णाचा धिंगाणा' म्हणून रील करणाऱ्यांनी त्याला आधी दवाखान्यात पोचवलं तर बरं.

"मग दाखवायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर पण ऑस्ट्रियातूनच आलंय, आणि मला ते फार आवडतं. २०१० मध्ये निडरक्रोटेनथालर (नाव उच्चारायला मला आठवडा लागला) आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या जवळपास ५०० बातम्या तपासल्या. ज्या बातम्यांत माणसाच्या मनात तसे विचार आले पण तो त्यातून बाहेर आला अशी गोष्ट होती, त्या छापून आल्यावर आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. याला पापागेनो परिणाम म्हणतात. मोझार्टच्या १७९१ च्या संगीतिकेत पापागेनो जीव द्यायला निघतो, तेवढ्यात तीन पोरं येऊन म्हणतात, अरे तुझ्याकडं ती घंटी आहे ना, वाजव की. दुसरा रस्ता दाखवला, बस.

भाच्याने तो व्हिडिओ उडवला. सोपं नव्हतं, तोपर्यंत साठ हजार झाले होते. दोन महिन्यांनी त्याने दुसरा केला. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यातला माणूस, चाळिशीचा, मागच्या वर्षी त्या टोकापर्यंत जाऊन आलेला. त्यानेच सांगितलं चेहरा नको, म्हणून पाच मिनिटं फक्त त्याचे हात दिसतात, टॉवेलची घडी घालणारे. काय करणार होता ते भाच्याने विचारलंच नाही. तो सांगतो, "झोपच नव्हती ओ तीन महिने. बायकोला वाटलं बाहेरचं हाय काहीतरी. मग मेव्हणा सिव्हिलला घेऊन गेला, गोळ्या चालू केल्या, पंधरा दिवस काय फरक नाही, मग हळूहळू जेवण जायला लागलं." शेवटी स्क्रीनवर १४४१६, केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. थंबनेलला टॉवेलांचा ढीग. लाल गोल नाही.

व्ह्यूज अकराशे. भाचा जरा हिरमुसला होता. चौथ्या दिवशी खाली एक कमेंट आली, नावावरून पूर्व भागातली, म्हणजे आमच्याकडच्या तेलुगू वस्तीतली वाटली, विडी वळणारी कोणीतरी असेल, फक्त एवढंच लिहिलेलं: 'ह्या नंबरवर तेलुगूत बोलतात का'.

आम्ही दोघांनी तिथंच बसून नंबर लावला, भाषा विचारेपर्यंत ऐकलं. मग त्याने उत्तर टाइप केलं, 'बोलतात अक्का, कन्नडमध्ये पण', आणि ती कमेंट वर पिन करून ठेवली.