शाळेबद्दल तक्रार कुठे आणि कशी करायची?

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. शिक्षण हक्क कायदा, 2009च्या कलम 21 नुसार तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. अनुदान कुठे खर्च झालं हे बघणं समितीचं काम आहे; अनुदानित शाळांत मात्र तिची भूमिका फक्त सल्ल्याची. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र ही समिती लागू नाही.

तक्रारीआधी समितीचं इतिवृत्त बघा. एका वहीत मला नोव्हेंबरच्या बैठकीत अशा आईची सही दिसली, जी दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली होती. खालच्या चार सह्याही त्याच पेनाच्या, त्याच वळणाच्या! वही दाखवत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज शाळेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखला जोडावा लागतो. विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस.

मुख्य तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली. ती पालकानेच करावी असं नाही. मुलाच्या हक्काबाबत गाऱ्हाणं असलेली कोणतीही व्यक्ती करू शकते. मात्र हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. अर्ज जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावे लिहा, प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग.

सोबत काय? शाळेचं नाव आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), इतिवृत्ताच्या प्रती, असतील तर फोटो. आणि तारखा. ‘गुरुजी येतच नाहीत’ असं लिहिलं की चौकशीत ‘नियमित येतात’ असं उत्तर येतं नि फाइल बंद होते. त्याऐवजी कोणत्या तारखेला कोणत्या वर्गावर कोणी नव्हतं, ते लिहा. गुरुजी निवडणूक, जनगणना किंवा आपत्तीच्या कामावर होते का, हे आधी विचारा. ती कामं कायद्यानेच त्यांच्या गळ्यात टाकली आहेत.

अर्ज साहेबांच्या हातात नको, आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. त्यावेळी निर्णयाच्या प्रतीसोबत तो शिक्क्याचा कागदही जोडा.