फडावरचा मतदार आणि टपाली मत

१६ फेब्रुवारी २०१७ ला मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जिल्हा परिषदेचं मतदान झालं. त्याआधीचं झालं होतं ७ फेब्रुवारी २०१२ ला. ग्रामपंचायतींचा मोठा टप्पा झाला १५ जानेवारी २०२१ ला. तिन्ही तारखा ऐन गाळप हंगामातल्या. दिवाळीच्या मागंपुढं बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारहून निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, त्या परतत नाहीत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे उमेदवाराच्या हिशेबात दोन मतं. म्हणून मतदानाच्या आदल्या रात्री त्यांना आणायला गावातून जीपा सुटतात. जीप कुणाची आहे यावरून मत कुणाला जाणार, याचा अंदाज पारावर बसून बांधता येतो.

आता मतपत्रिकाच फडावर का पाठवत नाहीत? टपाली मत ही काही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पण ती कुणासाठी आणली गेली, हे पाहिलं की घोळ लक्षात येतो.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६० हे टपाली मताचं मूळ. १९६१ च्या निवडणूक नियमांनी त्याची कागदपत्रं ठरवली. त्यातल्या जुन्या यादीत सैन्यातला जवान येतो, परदेशातल्या वकिलातीत नेमलेला सरकारी नोकर येतो, त्यांच्यासोबत राहणारी पत्नी येते, निवडणुकीच्या ड्यूटीवरचा कर्मचारी येतो आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेला माणूसही येतो. म्हणजे ज्याला सरकारनं घरापासून लांब पाठवलं किंवा कोंडून ठेवलं, त्याच्या मताची सोय सरकारनं केली. पोटासाठी जो आपण होऊन गेला, तो कायद्याच्या लेखी गावातच आहे. फक्त मतदानाला आला नाही, एवढंच.

पुढची पन्नास वर्षं ही यादी फारशी हलली नाही. २००३ मध्ये जवानांना गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाकरवी मत देण्याची मुभा मिळाली. टपाल सीमेवर पोचून परत येईतो मतमोजणी उरकलेली असायची, हे त्यामागचं कारण. २०१६ मध्ये जवानाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवायची आणि त्यानं ती छापून, मत नोंदवून टपालानं परत करायची, अशी पद्धत आली. टपालाचा निम्मा प्रवास वाचला. खरा बदल झाला २०१९ मध्ये. ऐंशीपुढचे वृद्ध आणि दिव्यांग पहिल्यांदाच यादीत आले. २०२४ च्या लोकसभेआधी वयाची अट पंच्याऐंशीवर नेली गेली. या 'गृह मतदाना'त पोस्टमन येतच नाही. मतदान पथक व्हिडिओग्राफरसह घरी येतं, पडदा उभा करतं आणि लिफाफा घेऊन जातं. कागदोपत्री मात्र ते टपाली मतच.

यातलं काहीही जिल्हा परिषदेला आपोआप लागू होत नाही. इथं भलेभले गोंधळतात. लोकसभेला आजीचं मत घरी येऊन घेतलं, मग नगरपालिकेला का नाही, असं विचारणारे नातू प्रत्येक गावात सापडतील. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाच्या आणि केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतात. स्थानिक निवडणुका चालतात राज्याच्या कायद्यांवर: ग्रामपंचायतीचा १९५८ चा, जिल्हा परिषद-पंचायत समितीचा १९६१ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला. मतदार यादी विधानसभेचीच घेतात, पण नियम वेगळे. या निवडणुकांत टपाली मत म्हटलं की मुख्यतः ड्यूटीवरचा कर्मचारी डोळ्यासमोर येतो. आणि तो बहुधा जिल्हा परिषदेचाच शिक्षक असतो!

त्याची रीत अशी. प्रशिक्षणाच्या वेळी अर्ज भरून द्यायचा. मतपत्रिकेवर खूण करून ती आतल्या लिफाफ्यात घालायची. घोषणापत्रावर सही करून ती साक्षांकित करून घ्यायची. मग आतला लिफाफा आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या लिफाफ्यात घालायचं. घोषणापत्र चुकून आतल्या लिफाफ्यात गेलं किंवा त्यावर सही राहिली, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होतं. दुसऱ्यांना मतदान शिकवणारे केंद्राध्यक्षच स्वतःच्या मताला इथं मुकतात.

दोन लिफाफ्यांची ही युक्ती इंग्लंडमध्येही दिसते. तिथं आतल्या लिफाफ्याला 'ए' आणि बाहेरच्याला 'बी' म्हणतात. बाहेरच्याला तिकीट लावावं लागत नाही. सुरुवातही आपल्यासारखीच, सैनिकांपासून झाली: १९१८ च्या कायद्यानं पहिल्या महायुद्धात लांब असलेल्या जवानांना गैरहजर मतदार मानलं. पण तिथं यादी वाढत गेली. १९४८ मध्ये आजारी, अपंग आणि कामामुळं बाहेर असणारे नागरिक आले, १९८५ मध्ये सुट्टीवर गेलेलेसुद्धा. २००० च्या कायद्यानं कारण विचारणंच बंद केलं. मागेल त्याला टपाली मत, स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीतही. त्याच सुमारास काही कौन्सिलांनी मतदान केंद्रं बंद ठेवून सगळी निवडणूक टपालानं घेऊन पाहिली.

तिथल्या कायद्यात आपल्याला चटका लावणारी एक तरतूद आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा, कायदेशीर वास्तव्य असलेला नागरिक कौन्सिलला मत देऊ शकतो. लातूरहून लेस्टरला शिकायला गेलेला मुलगा तिथल्या नगरसेवकासाठी टपालानं मत देऊ शकतो. त्याच मुलाला लातूर महापालिकेसाठी मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागेल.

पण मागेल त्याला मत दिल्याची किंमतही इंग्लंडनं मोजली. जून २००४ च्या कौन्सिल निवडणुकीत बर्मिंगहॅमच्या दोन प्रभागांत टपाली मतांचा मोठा घोटाळा झाला. एका गोदामात उमेदवारांची माणसं मतपत्रिका हाताळताना पोलिसांना सापडली. एप्रिल २००५ मध्ये निवडणूक न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी दोन्ही प्रभागांचे निकाल रद्द केले आणि असला प्रकार 'बनाना रिपब्लिक'लाही लाज आणील, असं सुनावलं. २००६ च्या कायद्यानं मतदाराची सही आणि जन्मतारीख अर्जाशी ताडून पाहणं सुरू झालं. २०२२ च्या कायद्यानं दर तीन वर्षांनी नवा अर्ज करणं आलं, आणि दुसऱ्यांचे लिफाफे केंद्रावर नेऊन देण्यावर पाचांची मर्यादा आली.

बर्मिंगहॅमचा धडा मला फडावर नेऊन पाहावासा वाटतो. ऊसतोडीत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते टोळीच्या मुकादमानं. कोयत्याचा हिशेब त्याच्या वहीत असतो. घरी जायचं तरी त्याला विचारावं लागतं. अशा ठिकाणी मतपत्रिका पोचली, तर ती आधी कुणाच्या हाती पडेल हे सांगायला न्यायाधीश लागत नाही. मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा निदान एका मिनिटापुरता मुकादमाला बाहेर ठेवतो. फडावरच्या कोपीत, मजुराच्या झोपडीत, तो आडोसा नाही.

वेळेचीही अडचण आहे. २ डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत चिन्हांसह अंतिम यादी २६ नोव्हेंबरला ठरली. मध्ये सहा दिवस. तेवढ्यात मतपत्रिका छापायच्या, रवाना करायच्या आणि परत यायच्या. जिल्हा परिषदेला तर एकाच मतदाराच्या दोन मतपत्रिका, एक गटाची (जिल्हा परिषदेसाठी) आणि एक गणाची (पंचायत समितीसाठी). आणि पत्ता कुठला लिहायचा? या आठवड्यात टोळी एका गावाच्या शिवारात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या.

स्थलांतरितांसाठी भारत निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये एक दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांपुढं मांडलं होतं. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांची मतं घेता येतील, असा तो प्रस्ताव होता. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि प्रकरण थंडावलं. काश्मिरी विस्थापितांना मात्र १९९० च्या दशकापासून जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत आपापल्या मतदारसंघासाठी मत देता येतं. म्हणजे घर सोडलेल्या साध्या नागरिकासाठी वेगळी वाट काढता येते, हे देशात दिसलेलं आहे. केरळनं डिसेंबर २०२० च्या स्थानिक निवडणुकांत कोविडच्या रुग्णांना आणि विलगीकरणातल्यांना खास टपाली मतपत्रिका दिल्या. स्थानिक निवडणुकीतही राज्यानं मनावर घेतलं की नियम वाकतात.

मला विचाराल तर लिफाफ्यापेक्षा तारीख बदलणं सोपं. जिल्हा परिषदांची मुदत मार्चमध्ये संपायची, म्हणून मतदान फेब्रुवारीत यायचं. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या. प्रशासक आले आणि ते चक्र एकदाचं मोडलं. पट्टा पडल्यावर, माणसं गावात असताना मतदान घ्यायला याहून मोकळी पाटी मिळणार नव्हती. पण सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका उरकायला सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेली मुदत होती ३१ जानेवारी २०२६, म्हणजे माणसं फडावर असतानाच.