ड्रायव्हर आहे, मग वायफाय का दिसत नाही?

गेल्या वर्षी भाच्यासाठी डेस्कटॉप जुळवला. मदरबोर्डवरच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) आहे, हे आधीच तपासून घेतलं होतं. तरी इन्स्टॉल झाल्यावर वायफाय गायब. डीमेसेज (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद) उघडलं तर त्यात लाल ओळ: 'नो सूटेबल फर्मवेअर फाउंड'. ड्रायव्हर होता, फर्मवेअर नव्हतं.

हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर चालतो, कर्नलचा भाग म्हणून. फर्मवेअर चालतं कार्डाच्या स्वतःच्या चिपवर. पूर्वी ते बहुधा कार्डावरच भरलेलं यायचं, त्यामुळे त्याचा पत्ताही लागत नसे. आताची बरीच वायफाय आणि ग्राफिक्स कार्डं मशीन सुरू होताना जवळजवळ कोरी असतात. ड्रायव्हर डिस्कवरची फाइल उचलून त्यांना भरवतो, मग ती कामाला लागतात. ही फाइल कंपनीची, सहसा सोर्स कोड न दिलेली, म्हणून कर्नलपासून वेगळ्या पॅकेजात येते. डेबियन या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार आवृत्तीच्या) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तर ती नसायचीच. 2022 मध्ये डेव्हलपरांनी मतदान करून हे बदललं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ती सोबत येते. मला हा निर्णय मनापासून पटला. नवख्या माणसाचा पहिला दिवस नेटशिवाय जाऊ नये.

फर्मवेअरची ताकद बघायची तर ग्राफिक्स कार्डं बनवणारी एनव्हिडिया बघा. तिच्या कार्डांसाठीचा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षं आहे. पण जीटीएक्स 900 मालिकेपासून कार्ड कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर मागू लागलं. वेग वाढवण्यासाठी लागणारं फर्मवेअर नूव्होला मिळालं नाही, त्यामुळे 900 आणि 1000 मालिकेची कार्डं त्याच्या हाताखाली सुरुवातीच्या मंद वेगावरच अडकून राहिली. 2022 मध्ये कंपनीने स्वतःचे कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग) खुले केले, पण 2018 च्या ट्युरिंग पिढीच्या कार्डांपासून पुढच्यांसाठीच. त्या मॉड्यूलांचं बरंचसं काम तोवर कार्डावरच्या बंद फर्मवेअरकडे गेलेलं होतं.

बिघाड कुठला, हे ओळखायला टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) ही कमांड पुरते; ती मशीनमधली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. कार्डाखाली 'कर्नल मॉड्यूल्स' किंवा 'ड्रायव्हर इन यूज' यांपैकी एकही ओळ नसेल, तर कर्नल त्या कार्डाला ओळखतच नाही आणि बहुधा नवा कर्नल हवा. मॉड्यूलचं नाव दिसतंय पण कार्ड गप्प आहे, तर डीमेसेजमध्ये 'फर्मवेअर' शोधा. तिथे ते न मिळाल्याची ओळ सापडली तर फर्मवेअरचं पॅकेज टाकून रीबूट करायचं, बस. नेटच नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा. आमचं काम त्यानेच झालं. (मशीन सुरू करणारं बायोस हेही फर्मवेअरच, पण ते मदरबोर्डवर कायम राहतं, या भानगडीत येत नाही.)

खरेदी करताना कार्ड आणि कर्नल दोन्हींचं वय बघा. मार्च 2025 मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स 9070 हे ग्राफिक्स कार्ड डेबियन 12 च्या मूळ 6.1 कर्नलवर चालणार नाही. कार्ड चांगलं आहे, कर्नल त्याच्या आधीचा आहे. डेबियनसारखं सावकाश बदलणारं डिस्ट्रो वापरणार असाल तर मी वर्षभर जुनं एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स घ्यायला सांगेन. अगदी नवं कार्डच हवं असेल तर नवा कर्नल लवकर देणारं फेडोरा हे डिस्ट्रो बरं. आणि दुकानात मशीन जुळवून घेत असाल तर तुम्ही वापरणार त्याच डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स चालतं) सोबत न्या. बिल करण्याआधी वायफाय, आवाज आणि स्क्रीनचं पूर्ण रिझोल्यूशन तिथेच बघून घ्या.