25 टक्के चढवून 20 टक्के सूट दिली, तर 5 टक्के उरतात का?

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा जवळ आली की दुकानदारांच्या ग्रुपवर हा सल्ला हमखास फिरतो: "खरेदीवर 25 टक्के चढवा, 20 टक्के सूट द्या, 5 टक्के खिशात."

ऐकायला सरळ वाटतं, म्हणून भलेभले मान्य करतात. पण यात काहीच उरत नाही.

सोलापुरी चादर 400 रुपयांना घेतली असं धरा. 25 टक्के चढवले, किंमत झाली 500. सूट मात्र 400 वर नाही, 500 वर द्यायची असते. 500 चे 20 टक्के म्हणजे 100. हातात आले 400, म्हणजे खरेदीचीच रक्कम. वर भाडं, वीजबिल, पोरांचा पगार पदरचा.

चढवलेले टक्के खरेदीवर आणि सवलतीचे चढवलेल्या किमतीवर, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी होत नाही. खरोखर 5 टक्के, म्हणजे 20 रुपये हवे असतील तर चादर 420 ला द्या; ती सूट 16 टक्केच होते.

10 टक्के सूटही किरकोळ समजू नका. 100 चा नफा 50 वर येतो, तेवढाच नफा राखायला दुप्पट चादरी खपायला हव्यात.

पडताळायला खरेदीचं बिल आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. सवलतीची पाटी लावण्याआधी प्रत्येक मालाचा हा हिशोब जरूर करा.